कागद नसलेल्या माणसाचे हक्क

मे १९३९. हाम्बुर्गच्या बंदरातून ‘सेंट लुईस’ नावाचं जहाज क्युबाकडे निघालं. त्यावर ९३७ प्रवासी होते, बहुतेक सगळे हिटलरच्या राज्यातून जीव घेऊन निघालेले ज्यू. चोरून-लपून कुणी चढलेलं नव्हतं. रीतसर तिकिटं काढलेली होती आणि क्युबात उतरण्याचे परवानेही बहुतेकांच्या खिशात होते. फक्त जहाज सुटण्याच्या आठवडाभर आधी क्युबाच्या सरकारनं हुकूम काढून ते परवाने बाद करून टाकले होते. हवानात अठ्ठावीस जणांना प्रवेश मिळाला. बाकीच्यांनी शहर पाहिलं ते जहाजाच्या कठड्याशी उभं राहून. अमेरिकेनंही दार उघडलं नाही. जूनमध्ये जहाज युरोपला परतलं. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सनी प्रवासी वाटून घेतले. वर्षभरात त्यातले तीन देश जर्मन फौजांच्या ताब्यात गेले. परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे ज्यूंच्या संहारात मारले गेले.

निर्वासितांचे हक्क म्हणून आज जे कायद्यात लिहिलेलं आहे, त्यातलं बरंचसं अशा प्रसंगांच्या शरमेतून लिहिलं गेलं. त्या जहाजावर नेमकं काय बिघडलं होतं, ते बघा. माणसं होती, त्यांच्या जिवाला धोका होता आणि तो सगळ्या जगाला दिसत होता. बाद झाला होता तो कागद. एवढं ध्यानात ठेवलं की पुढची कलमं आणि करार फार जड जात नाहीत.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. निर्वासित, स्थलांतरित, आश्रयार्थी, विस्थापित हे शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कायद्यात मात्र शब्द बदलला की माणसाचं नशीब बदलतं. १९५१च्या निर्वासित कराराप्रमाणे निर्वासित म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर असलेला असा माणूस, ज्याला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या विशिष्ट सामाजिक गटातलं असणं किंवा राजकीय मत यांपैकी कुठल्यातरी कारणानं छळ होण्याची रास्त भीती आहे आणि ज्याला स्वतःच्या सरकारकडून संरक्षणाची आशा उरलेली नाही. घरदार सोडून पळाला, पण देशाची सीमा ओलांडली नाही, तर तो विस्थापित. २०२४च्या अखेरीला जगात बळजबरीनं घर सोडावं लागलेली सुमारे १२.३ कोटी माणसं होती. त्यातली ७.३ कोटींहून जास्त ही अशी, आपल्याच देशात वणवण करणारी. आश्रयार्थी म्हणजे ज्यानं आश्रय मागितलाय, पण निकाल लागायचाय. आणि स्थलांतरित? या शब्दाची सगळ्या देशांनी मान्य केलेली कायदेशीर व्याख्याच नाही. काम, शिक्षण, लग्न, दुष्काळ, कुठल्याही कारणानं दुसऱ्या देशात राहायला गेलेला माणूस त्यात बसतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं २०२४ साली अशी माणसं ३० कोटींच्या वर होती.

निर्वासिताची व्याख्या नीट वाचली तर एक गोष्ट खटकते, आणि ती खटकायलाच हवी. तिच्यात भूक नाही. पूर नाही. ‘युद्ध’ हा शब्दसुद्धा नाही. ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर युरोप होता आणि छळ म्हणजे काय ते त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. मुळात तो करार फक्त १ जानेवारी १९५१च्या आधीच्या घटनांपुरता होता, आणि देशांना तो युरोपातल्या घटनांपुरता मर्यादित ठेवायचीही मुभा होती. काळाची ही अट १९६७च्या पूरक करारानं काढली. आफ्रिकेतल्या देशांनी १९६९ साली स्वतःचा करार करून परकीय आक्रमण आणि देशातली सार्वजनिक घडीच विस्कटून टाकणाऱ्या घटनांमुळे पळालेल्यांनाही निर्वासित मानलं. लॅटिन अमेरिकेत १९८४च्या कार्ताहेना जाहीरनाम्यानं तेच केलं. समुद्रानं गिळत आणलेल्या बेटांवरच्या माणसांचं काय, हा प्रश्न मात्र अजून लोंबकळतोच आहे. किरिबातीच्या एका रहिवाशाला न्यूझीलंडनं परत पाठवलं होतं. त्या प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं २०२० साली त्याच्या विरुद्ध निकाल दिला, पण तत्त्व म्हणून हेही मान्य केलं की हवामान बदलामुळे जिथे जगणंच अशक्य झालंय, तिथे माणसाला परत पाठवता येणार नाही.

आता या सगळ्यातला कळीचा मुद्दा. सरकारनं शिक्का मारला म्हणून माणूस निर्वासित होत नाही. तो निर्वासित असतो म्हणून सरकारनं शिक्का मारायचा असतो. निवाडा येतो तेव्हा तो आधीपासून असलेली स्थिती फक्त मान्य करतो. म्हणूनच अर्जाचा निकाल लागेपर्यंत माणसाला हद्दपार करता येत नाही; निकाल काय लागेल हे कुणालाच माहीत नसतं आणि चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही. म्हणूनच १९५१च्या कराराचं कलम ३१ सांगतं, की जिवाच्या भीतीनं थेट आलेला माणूस विनापरवाना शिरला, तर त्यानं विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन कारण सांगावं, आणि तसं केल्यास निव्वळ तसं शिरल्याबद्दल त्याला शिक्षा करू नये. ज्या सरकारपासून पळायचं, त्याच सरकारच्या कचेरीत पासपोर्टासाठी रांगेत उभं राहा, असं कुणाला सांगणार?

सीमेवर कुणाला घ्यायचं, हे ठरवण्याचा अधिकार देशाचा. तो कुठल्याही करारानं काढून घेतलेला नाही. मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्यात स्वतःचा देश सोडण्याचा हक्क आहे, दुसऱ्या देशात शिरण्याचा नाही. कलम १४मध्ये आश्रय मागण्याचा आणि मिळाल्यास उपभोगण्याचा हक्क आहे, तो मिळेलच अशी हमी नाही. मग उरतं काय? उरतं १९५१च्या कराराचं कलम ३३. जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे निर्वासिताला ढकलायचं नाही. ‘परत न पाठवण्याचं तत्त्व’ म्हणतात ते हेच, आणि सगळी इमारत या एका खांबावर उभी आहे. या कलमाला एक अपवाद आहे, देशाच्या किंवा तिथल्या समाजाच्या सुरक्षेला खरोखर धोका असलेल्या माणसाचा. पण छळविरोधी कराराच्या (१९८४) कलम ३नं तीही फट बुजवली: जिथे छळ होण्याची सबळ शक्यता आहे, तिथे कुणालाच पाठवायचं नाही, मग तो माणूस कितीही नकोसा असो. आणि ज्यानं स्वतः युद्धगुन्हे केलेत, त्याला निर्वासिताचा दर्जा मुळात मिळतच नाही.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसं कामाला येतं, ते एका खटल्यातून छान दिसतं. ६ मे २००९ रोजी भूमध्य समुद्रात, इटलीच्या लाम्पेदुसा बेटाच्या दक्षिणेला ३५ सागरी मैलांवर, इटलीच्या गस्ती जहाजांनी तीन बोटी अडवल्या. बोटींत लिबियाहून निघालेली सुमारे दोनशे माणसं होती. त्यांना इटलीच्या लष्करी जहाजांवर चढवून घेतलं. कुणाचं नाव विचारलं नाही, कुठे नेतोय ते सांगितलं नाही, आणि त्या माणसांच्या सांगण्याप्रमाणे ओळखीच्या कागदपत्रांसकट सामान काढून घेतलं. जहाज लागलं ते त्रिपोलीच्या धक्क्याला. लिबियाच्या अधिकाऱ्यांच्या हवाली होताना माणसं जहाजावरून उतरायला तयार नव्हती. त्यातले अकरा सोमाली आणि तेरा इरिट्रियन असे चोवीस जण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले.

इटलीचं म्हणणं असं, की हे भर समुद्रात घडलं, आमच्या हद्दीबाहेर. आम्ही तर त्यांना वाचवलं. सतरा न्यायाधीशांनी २३ फेब्रुवारी २०१२ रोजी एकमतानं निकाल दिला: जहाज इटलीचं, त्यावरचे शिपाई इटलीचे, माणसं पूर्णपणे त्यांच्या ताब्यात, म्हणजे हद्दही इटलीचीच. एकेकाची बाजू न ऐकता घाऊक परत पाठवणी बेकायदा. अर्जदारांना प्रत्येकी पंधरा हजार युरोंची भरपाई देण्याचा हुकूम झाला. निकाल मोठा, पण पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. आपल्या जहाजावर घेतलं की जबाबदारी आपली, हे कळल्यावर युरोपातल्या सरकारांनी माणसं आपल्या जहाजावर घ्यायचंच टाळायला सुरुवात केली. २०१७ साली इटलीनं लिबियाशी समझोता केला. पैसा, बोटी, प्रशिक्षण युरोपाचं, आणि माणसं अडवून मागे नेणारे हात लिबियाचे. कायद्यातली पळवाट शोधायला सरकारांइतकं हुशार कुणी नसतं.

करारावर सही न केलेले देश सुटले का? जॉर्डन, लेबनॉन, बांगलादेश, भारत यांनी १९५१च्या करारावर सही केलेली नाही, तरी या देशांनी लाखो निर्वासितांना ठेवून घेतलंय. शिवाय छळविरोधी करार, बालहक्क करार, देशाची स्वतःची घटना हे मार्ग असतातच. पूर्वीच्या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली हेच सांगितलं होतं, की जगण्याचा हक्क घटनेनं ‘व्यक्ती’ला दिलाय, फक्त नागरिकाला नाही.

कायदा इथवर ठीक आहे. खरी परीक्षा होते ती एका साध्या खोलीत. टेबल, संगणक, एक अधिकारी, एक दुभाषा आणि समोर आश्रय मागणारा माणूस. पुरावा म्हणून त्याच्याकडे बहुधा त्याची गोष्टच असते. मग प्रश्न येतात: तुम्हाला पकडलं ती तारीख कुठली? कोठडीला खिडकी होती का? पहिल्या जबाबात तीन पोलीस म्हणालात, आज चार म्हणताय. खोटं बोलणारा माणूस अशाच प्रश्नांना अडखळतो, हे खरं. पण मार खाल्लेला माणूसही अडखळतो. भीषण प्रसंगाची आठवण तारीखवार लागत नाही; एखादा वास, एखादा आवाज लख्ख असतो आणि महिना पुसून गेलेला असतो. त्यात कालगणनेची भानगड. इथिओपियाचं कॅलेंडर आपण वापरतो त्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं आणि त्याच्या वर्षात तेरा महिने असतात. दुभाष्यानं हिशेब करताना एक चूक केली, की जबाबात ‘विसंगती’ आली, आणि विसंगती आली की विश्वास गेला. बलात्कार झालेल्या बाईसमोर तिच्याच समाजातला पुरुष दुभाषा बसवला, तर ती ती गोष्ट सांगणारच नाही. मग सहा महिन्यांनी सांगितली, की विचारणार, आधी का नाही बोललात? माझं स्पष्ट मत असं, की निर्वासितांच्या हक्कांवर बोलताना आपण सीमेवरच्या कुंपणाची चर्चा फार करतो आणि या खोलीची फार कमी. चांगला दुभाषा, वकील आणि निकालाविरुद्ध अपिलाची सोय या तीन नीरस गोष्टींनी जितके जीव वाचतात, तितके भाषणांनी वाचत नाहीत.

स्थलांतरितांचं गणित थोडं वेगळं. ज्याला मायदेशी छळाची भीती नाही, त्याला देश परत पाठवू शकतो, रीतसर, त्याचं म्हणणं ऐकून. पण तो तिथे आहे तोवर माणूस म्हणून असलेले त्याचे हक्क गळून पडत नाहीत. मारहाण करायची नाही, केलेल्या कामाची मजुरी बुडवायची नाही, आजारी पडला तर तातडीचा उपचार नाकारायचा नाही, मुलाला शाळेबाहेर ठेवायचं नाही, कारण न सांगता कोंडून ठेवायचं नाही. मतदानाचा हक्क नागरिकाचा. हे बाकीचे हक्क व्हिसावर अवलंबून नाहीत. ‘बेकायदा माणूस’ हा शब्दप्रयोग मला म्हणूनच चुकीचा वाटतो. कृती बेकायदा असू शकते, वास्तव्य विनापरवाना असू शकतं. माणूस कसा काय बेकायदा असेल?

इथेही पुन्हा कागदच आडवा येतो. परदेशी कामाला गेलेला मजूर विमानतळावर उतरतो आणि मालकाचा माणूस म्हणतो, पासपोर्ट द्या, हरवेल, ऑफिसात सांभाळून ठेवतो. पासपोर्ट कपाटात जातो. कामाचे तास वाढतात, पगार ठरल्यापेक्षा कमी येतो, कधी दोन-दोन महिने येतच नाही. एजंटाला द्यायला काढलेलं कर्ज गावी व्याजानं फुगत असतं, म्हणून परतताही येत नाही. आखातातल्या ‘कफाला’ पद्धतीत तर राहण्याचा परवानाच मालकाशी बांधलेला असायचा. नोकरी सोडून गेला, की मालक ‘पळून गेला’ अशी तक्रार करणार आणि काल कायदेशीर असलेला मजूर आज गुन्हेगार ठरणार. काही देशांनी अलीकडे यात सुधारणा केल्या. कतारनं २०२०मध्ये मालकाच्या ना-हरकत दाखल्याशिवाय नोकरी बदलायला परवानगी दिली. पण पासपोर्ट अडकवून ठेवणं, पगार दाबणं आणि कर्जात जखडणं ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबानं सक्तमजुरीची लक्षणं आहेत, मग मालक कितीही गोड बोलो. नोकरी लावून देण्याचे पैसे मजुराकडून घ्यायचेच नाहीत, असा नियमही त्या संघटनेच्या १९९७च्या करारात आहे.

स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांसाठी १९९० साली संयुक्त राष्ट्रांनी वेगळा करार केला. तो अमलात यायला २००३ उजाडलं, आणि ज्या श्रीमंत देशांत ही माणसं कामाला जातात, त्यातल्या जवळजवळ कुणीच त्यावर सही केलेली नाही. माणसं पाठवणाऱ्या देशांचाच करार होऊन बसला तो.

मग हक्क असूनही माणूस ते मागत का नाही? कारण मागायला गेला की पकडला जाईल. मजुरी बुडाली म्हणून कामगार कचेरीत गेलेल्याची माहिती तिथला कारकून सीमा पोलिसांना देणार असेल, तर तक्रार कोण करेल? फायदा सरळ मजुरी बुडवणाऱ्याचा. म्हणून मानवी हक्कांचं काम करणारे एका भिंतीची मागणी करतात, देशांमधल्या नव्हे, कचेऱ्यांमधल्या. दवाखाना, शाळा, कामगार निरीक्षक यांच्याकडची माहिती व्हिसा तपासणाऱ्या खात्याकडे जाऊ नये, एवढीच ती भिंत. जर्मनीत विनापरवाना राहणाऱ्यांची माहिती परदेशी नागरिकांच्या खात्याला कळवण्याचं बंधन सरकारी कचेऱ्यांवर होतं. २०११ साली शाळांना त्यातून वगळलं. मुख्याध्यापकाला आता मूल दाखल करून घ्यायचं असतं, त्याच्या बापाचा ठावठिकाणा कळवायचा नसतो. अमेरिकेत तर १९८२ सालीच सर्वोच्च न्यायालयानं टेक्सास राज्याला बजावलं होतं, की कागद नाहीत म्हणून मुलांना सरकारी शाळेतून हाकलता येणार नाही.

स्थानबद्धतेबद्दल थोडक्यात. कागदांची छाननी होईपर्यंत माणसाला डांबून ठेवायचं, हा शेवटचा उपाय असायला हवा. अनेक ठिकाणी तो पहिला असतो, आणि कैद्याला निदान आपली सुटका कधी ते माहीत असतं, इथे तेही नाही. मुलांच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांच्या दोन समित्यांनी २०१७ साली स्पष्टच लिहिलं, की मुलाच्या किंवा पालकांच्या व्हिसाच्या कारणावरून मुलाला कोंडणं कधीही त्याच्या हिताचं नसतं.

‘सगळ्यांना आम्हीच का घ्यायचं?’ हा प्रश्न श्रीमंत देशांत मोठ्यानं विचारला जातो. वस्तुस्थिती अशी की २०२४च्या अखेरीला ७३ टक्के निर्वासित कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. इराण, तुर्कस्तान, कोलंबिया, युगांडा ही नावं यादीत वर आहेत. तरी प्रश्न अगदीच पोकळ नाही. १९५१च्या करारातला सर्वांत मोठा दोष हाच, की शेजारच्या देशावर पडणारा बोजा इतरांनी किती उचलायचा, याचं बंधनकारक कलमच त्यात नाही. २०१८च्या दोन जागतिक समझोत्यांनी, एक निर्वासितांसाठी आणि एक स्थलांतरितांसाठी, वाटून घेण्याची भाषा केली, पण ते ऐच्छिक आहेत. मनात आलं की मात्र जमतं. २००१पासून कपाटात पडून असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम युरोपीय संघानं मार्च २०२२मध्ये युक्रेनच्या लोकांसाठी बाहेर काढला आणि लाखो माणसांना एकेकाची मुलाखत न घेता राहण्याचा, काम करण्याचा परवाना दिला. कोलंबियानं २०२१मध्ये व्हेनेझुएलाहून आलेल्यांना दहा वर्षांचा परवाना देऊ केला. माणसं लपून राहायची थांबली की त्यांची नोंद होते, ती कर भरतात, लसीकरणात येतात. सरकारलाही ते सोयीचंच.

या सगळ्या कागदांचा मूळपुरुष म्हणजे १९२२चा नान्सेन पासपोर्ट. क्रांतीनंतर परागंदा झालेल्या लाखो रशियनांचं नागरिकत्व सोव्हिएत सरकारनं काढून घेतलं. कुठल्याच देशाचे न राहिलेल्या या लोकांसाठी राष्ट्रसंघाचे (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेचे) निर्वासित आयुक्त, नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी एक ओळखपत्र तयार करवलं. वर त्यांचंच चित्र असलेलं पाच सुवर्ण फ्रँकचं तिकीट डकवायचं. पन्नासच्या वर सरकारांनी ते मानलं. संगीतकार स्त्राविन्स्की आणि चित्रकार शागाल यांनीही ते वापरलं.

आजच्या निर्वासिताला १९५१च्या कराराच्या कलम २८खाली तसंच एक पुस्तक मिळतं. दिसायला पासपोर्टासारखंच, फक्त मुखपृष्ठाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या काळ्या रेघा. ते हातात आल्यावर मायदेशाचा जुना पासपोर्ट नूतनीकरणाला द्यायचा नसतो. दिला तर त्या सरकारचं संरक्षण पुन्हा स्वीकारलं असा अर्थ निघून दर्जा जाऊ शकतो. आतल्या पानावर, हे पुस्तक कुठे चालेल त्या रकान्यात, सहसा लिहिलेलं असतं: सर्व देशांसाठी वैध. आणि त्याच्यापुढे ‘वगळून’ म्हणून एका देशाचं नाव, ज्या देशातून तो पळाला त्या देशाचं.